मूर्ती उजव्या हाताला

आप्पांच्या उजव्या हातावरून वारं गेलं आणि जेवणाचे त्यांचे नियम सुरू झाले. डावा हात अन्नाला लावायचा नाही, चमचा नको, भरवून घ्यायचं ते फक्त आईकडून, तेही दार लोटून. मी लेक असून मला आत यायची बंदी.

अशात पापनाशमला आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. या भाचीला आप्पांनी खांद्यावर खेळवलेलं. "तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "चारचौघांत पानावर बसून मी काय करू?" असा राग आला मला! डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू हे डाव्या हातानं अंगणात भिरकावणार आणि वर हे बोलणार.

मग मी कॉलेजात असताना जिच्यापायी वेडी झाले होते, ती जुनी गेम लॅपटॉपवर चढवली. पडद्यावर आपण दिसत नाही, दिसते ती फक्त हातातली जादूची काठी. समोर तळघरं, रंगीत किल्ल्या, पंखवाले राक्षस. चालायच्या कळा मी घेतल्या, माऊस आप्पांच्या उजव्या हाताखाली सरकवला. पाय माझे, नेम त्यांचा. मेली बोटं नुसती पडून असायची, मनगटानं ढकलत ते कसेबसे वळायचे.

एकदा जादूच्या अंड्यानं एका राक्षसाची कोंबडी झाली. "मारा, आप्पा!" मी ओरडले.

"अगे, कोंबडीनं काय केलंय आपलं?"

त्या कोंबडीनं टोचून टोचून आमचा जीव घेतला. पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी आम्ही, दुसरं काय होणार!

पुढे एक दालन आलं. मधोमध शिंगवाल्या दैत्याचा दगडी पुतळा, भोवती आगीचे गोळे फेकणारे चार जादूगार. अशा वेळी थांबायचं नसतं, पुतळ्याच्या आडोशानं गोल फिरत मारायचं. मी पुतळा डाव्या हाताला ठेवून निघाले.

"उलटी प्रदक्षिणा!" आप्पा कडाडले. "मूर्ती उजव्या हाताला हवी."

"अय्यो, आप्पा, राक्षस आहे तो!"

"असेना."

तंजावरच्या देवळांत जन्म गेलेला माणूस. मी एकीकडे चालतेय, ते दुसरीकडे वळवतायत, आम्ही भिंतीवर आपटतोय आणि जळून मरतोय. पाच वेळा मेलो. सहाव्यांदा मीही हट्टाला पेटले. तेव्हा आप्पांनी चिडून माऊस असा खेचला, की लॅपटॉपच हलला. मी खाली पाहिलं. पाचही बोटांनी माऊस घट्ट धरला होता.

"बरं बाई, तुमच्या मनासारखं," मी म्हणाले आणि कळ बदलली. त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही त्या दैत्याला प्रदक्षिणा घालत होतो. पुढचा दरवाजा उघडायचं मी नावही काढलं नाही.

आप्पा लग्नाला आले. पंगतीत आई आणि माझ्यामध्ये बसले. केळीच्या पानावर रसम वाढलं की पळत सुटतं, हातानं झटकन भाताचा बांध घालावा लागतो. आप्पांनी उजव्या हातानं घातला. बांध फुटला आणि अर्धं रसम नेसलेल्या वेष्टीवर गेलं. आई उठायला लागली, तिला मी डोळ्यांनीच बसवलं. माझा स्वतःचा घास हातातच राहिला होता. आप्पांनी उरलेला भात हळूहळू गोळा केला, तोंडात घातला, सावकाश गिळला. मग भिजलेली वेष्टी तशीच ठेवून त्यांनी वाढप्याला हाक मारली, "रसम आणा हो इकडे!"