आतोबा आणि साहेबांची हिरवळ

मालवणच्या किनाऱ्यावर झाडं देवाने लावली असतील. पण ती योग्य जागी लावली आहेत की नाही, हे तपासायचं काम त्याने माझ्या आतोबांवर सोपवलं होतं. याबद्दल निदान आतोबांच्या मनात तरी शंका नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बंदरावरच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, आणि कुणाच्याही परसात न विचारता शिरणारे. आधी मोरीचं पाणी कुठे जातं ते बघायचे. केळीत, अळवात किंवा माडाच्या आळ्यात जात असेल तर त्या घरी चहा घ्यायचे. नुसतं वाटेवर सांडत असेल तर उभ्याउभ्या बोलून निघायचे. त्यांच्या धाकट्या मुलीला आचऱ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घरची आंब्याची बाग. घर बघायला गेल्यावर आतोबा परसात एक फेरी मारून आले आणि आत्याला म्हणाले, "चल." वाटेत तिने कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "जेंका आपल्या सांडपाण्याचा काय करूचा ता कळणा नाय, ते आमच्या चेडवाचा काय करतले?" आत्या महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही, असं ती सांगायची.

लग्नात आहेर म्हणून ते कोकमाचं नाहीतर सुरंगीचं रोप द्यायचे, आणि वर्षाने त्या घरी गेले की चौकशी आधी रोपाची, मग नवराबायकोची. कुंडीतल्या क्रोटनला ते 'पावणो' म्हणत. "पावण्याक जेवाण घालूचा. घर त्याच्या नावार करूचा नाय."

साठ सालाच्या आसपास तारकर्लीच्या वाटेवर सरकारी नोकरांसाठी नवी वसाहत उभी राहू लागली. इंजिनिअर साहेब देशावरचे, तरुण आणि मनाने चांगले. घरांपुढचे वाळूचे उंचवटे सपाट करायचे, केवड्याचं बन तोडायचं, लाल माती ओतून सगळीकडे हिरवळ करायची, असा त्यांचा बेत होता. आतोबा धुतलेला सदरा घालून त्यांना भेटायला गेले. कचेरीत ते पुस्तकी मराठी बोलत.

"साहेब, ही वाळू वाऱ्याने आणली आणि मर्यादवेलीने धरून ठेवली. वेल उपटलीत तर ती तुमच्या घरात येईल."

"काका, केवड्यात साप असतात. इथे लोकांनी मुलाबाळांसकट राहायचंय."

आतोबांची पुस्तकी मराठी तिथेच संपली. "सापाक दार लावन भायर ठेवूक येता, साहेब. वाळयेक खंयचा दार लावतलात?"

दुसऱ्या दिवसापासून ते वाळूच्या उंचवट्यावर जाऊन बसू लागले. म्हाताऱ्या माणसाला उचलून बाजूला कोण ठेवणार? शेवटी साहेब म्हणाले, "अर्धी वसाहत तुमची, अर्धी माझी." दक्षिणेकडची रांग आतोबांना मिळाली. उत्तरेला, साहेबांच्या बंगल्यासकट, हिरवळ झाली.

आणि ती खरोखर देखणी झाली. लोक पाहुण्यांना घेऊन ती बघायला जात. दक्षिणेकडचे रहिवासी मात्र चिडले. त्यांच्यापुढे केवड्याचं बन, पायाखाली वेली, आणि आतोबांनी नुकतीच लावलेली, उंडीच्या झाडांची वीतभर रोपं. "तुमच्या ह्येंनी आमका रानात ठेवल्यानी," असं एका बाईने आत्याला भर बाजारात ऐकवलं. त्या दिवसांत आतोबांना बाजारात कुणी थांबवून बोलत नसे. ते मान खाली घालून जायचे आणि रोपांना पाणी घालून यायचे. झाडांविषयी ते कधी साशंक झाले नाहीत. माणसांविषयी थोडे झाले असावेत.

मग एका वैशाखात वारा असा सुटला, की उत्तरेच्या रांगेत भाताच्या टोपात वाळू येऊ लागली. हिरवळीसाठी विहीर उपसून उपसून पाणी मचूळ झालं. त्यात डाळ शिजेना. साहेबांच्या बायकोला घागर घेऊन दक्षिणेकडच्या विहिरीवर यावं लागलं. तिथे गोडं पाणी होतं आणि ओसरीवर वाळू नव्हती. ती तशीच आतोबांकडे आली.

"काका, आमच्यापुढे काय लावायचं?"

आता आतोबा तासभर ऐकवणार, म्हणून आत्याने कपाळाला हात लावला. आतोबा म्हणाले, "आधी चाय घे, बाय."

सकाळी ते मर्यादवेलीच्या कांड्या आणि उंडीची रोपं घेऊन गेले. साहेब विजार दुमडून स्वतः खड्डे काढत होते. जळलेल्या हिरवळीकडे त्यांनी ओशाळून पाहिलं, तेव्हा आतोबा त्यांना म्हणाले, "गवत वायट नाय, साहेब. ता बिचारा चुकान हंय इला."

साहेबांची बदली झाली तेव्हा रोपं कमरेएवढी होती. त्यांची बायको म्हणाली, "काका, यांची सावली काही आम्हाला मिळाली नाही." आतोबा म्हणाले, "माका तरी खंय गावतली?"

तसंच झालं. आतोबा गेल्यावर काही वर्षांनी मी आत्याला तिकडे घेऊन गेलो. उंडीला पांढरा फुलोरा आला होता, आणि दोन्ही रांगांतल्या बायका सावलीत मासे निवडत बसल्या होत्या. त्यांनी आत्याला जागा करून दिली. ती खोडाला टेकून बराच वेळ बसली.

"ह्येंच्या बाजूक इतक्या शांतपणान मी कधी बसाकच नाय," ती म्हणाली.

उन्हं कलली तरी ती उठेना. मीही तिला ऊठ म्हटलं नाही.