काकवीची खोली

माझ्या नवऱ्याचं शारजात छोटं कॉन्ट्रॅक्टिंगचं काम आहे. दुकानांची फॉल्स सीलिंग, फ्लॅटचं पेंटिंग, गळकी बाथरूम्स. त्यामुळे रास अल खैमाच्या डोंगरापायथ्याची एक जुनी खजुराची वाडी रिस्टोअर करायचं काम मिळालं, तेव्हा अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन दिवस नुसता आनंद होता. मग एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "रिस्टोअर म्हणजे नक्की काय करायचं असतं गं?"

"जुनं होतं तसं करायचं."

"पण ते जुनंच आहे की!"

वाडीची मालकीण पस्तिशीतली अरब बाई. युरोपात शिकताना ती तिकडच्या एका द्राक्षमळ्यात राहिली होती. जुनी वाइनरी, दगडी तळघर, लाकडी पिंपं आणि त्यातच पाहुण्यांच्या खोल्या. आजोबांच्या वाडीचं तिला अगदी तसंच करायचं होतं, फक्त वाइन सोडून. मी हॉटेलात बरीच वर्षं हाउसकीपिंग केलेलं, म्हणून खोल्या लावायला तिने मलाही बोलावलं. आम्ही वसईचे कॅथलिक हे कळल्यावर तिचा चेहरा खुलला. "म्हणजे तुम्हाला वाइन इस्टेट माहीत असणार!"

मला माहीत असलेली वाइन इस्टेट म्हणजे मावशीचा पोटमाळा. तिथे नाताळच्या आधी लोणच्याच्या बरणीत जांभळाची वाइन मुरत ठेवलेली असायची, आणि एका वर्षी बरणीचं झाकण उडून काकांच्या लग्नातल्या सुटाचा रंग कायमचा बदलला होता. मी म्हटलं, "हो मॅडम, थोडंफार."

काम सुरू झालं. नवऱ्याच्या प्लास्टरवाल्यांनी मातीच्या भिंती अशा गुळगुळीत केल्या की त्यात तोंड दिसावं. मॅडमनी भिंतीवरून हात फिरवला. "फार सुंदर. आता हे जरा वाईट करा." नवऱ्याने हिंदीत पुढे सांगितलं, "मॅडम बोलती है, खराब करो." एका प्लास्टरवाल्याने हळूच मला विचारलं, नोकरी जाणार का?

दर शुक्रवारी मॅडमची आजी यायची. इथे घरातल्या मोठ्या बाईला कामाची माणसं मामा म्हणतात, म्हणून आम्हीही तिला मामाच म्हणायचो. ऐंशीच्या पुढच्या बाईला मामा म्हणताना माझ्या नवऱ्याला दर वेळी हसू आवरावं लागायचं. मामाला जुन्या व्यापाऱ्यांकडून शिकलेली मोडकी हिंदी येत होती. ती लग्न होऊन याच घरात आली होती आणि नवीन व्हिला झाल्याबरोबर एकदाही मागे न बघता निघून गेली होती. "लोग पैसा देकर इधर सोएगा?" ती मला विचारायची. "उनका घर नहीं है?" मग काठीने दाखवत सुटायची. इथे मार्बल टाका, इथे ट्यूबलाइट लावा, हा दरवाजा फेका. मॅडम मागून डोळ्यांनी खुणावायच्या, की काहीही फेकू नका.

मग मॅडम आठवडाभर लंडनला गेल्या, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या हातून ते झालं. मागे एक बिनखिडकीची अंधारी खोली होती. तिची जमीन पन्हळी पत्र्यासारखी, एका उंचवट्याशेजारी एक चर. फ्लोअरिंग पार उखडलंय असं समजून त्याने सगळे चर सिमेंटने बुजवले आणि वर झकास टाइल्स बसवल्या. शुक्रवारी मामा दारात थबकली. मला वाटलं, चला, एकदाची खूश झाली.

"दिब्स किधर जाएगा?" ती म्हणाली.

दिब्स म्हणजे खजुराची काकवी. त्या उंचवट्यांवर खजुराची पोती एकावर एक रचायची. वजनाने आणि उन्हाळ्याने काकवी पाझरून चरांतून कोपऱ्यातल्या पुरलेल्या मडक्यात उतरायची. म्हणजे मॅडमना वाइनच्या तळघराच्या जागी जी खोली पाहुण्यांना दाखवायची होती, तिच्यावरच आम्ही टाइल्स मारल्या होत्या. नवऱ्याने लंडनला फोन लावला. मॅडम एकच शब्द बोलल्या, "खलास." काम खलास की आपण खलास, ते त्याला कळेना.

पण नशीब जोरावर होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या काकवीने ती जमीन इतकी माखलेली होती की सिमेंटने नीट धरलंच नव्हतं. छिन्नीने टाइल्स निघाल्या, चर मोकळे झाले. मामा रोज येऊन दारात खुर्ची टाकून बसायची आणि "शुवे शुवे", म्हणजे हळू हळू, असं ओरडायची. शेवटी तिने स्वतःच गाडीभर खजूर मागवला. पोती रचली. काही दिवसांनी मडक्यात काळीभोर धार लागली, आणि तिच्यामागोमाग तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या आल्या. पहिले पाहुणेही तेव्हाच आले. वयस्कर फ्रेंच नवरा-बायको.

मी त्यांच्या खोलीत मुंग्यांशी लढत असताना मामाने दोघांना हाताला धरून काकवीच्या खोलीत नेलं आणि एका पेल्यात थोडी काकवी दिली. त्या गृहस्थांनी सवयीने पेला गोल फिरवला, उजेडाकडे धरला, डोळे मिटून वास घेतला.

"खाने का है," मामा कडाडली. "सूंघने का नहीं!"

ते इतके हसले की ठसका लागला आणि बायकोने पाठ थोपटली. चार दिवस राहायला आले होते, आठवडा राहिले.

आता मामाच तिथे राहायला आली आहे. अंगणासमोरची सगळ्यात चांगली खोली तिने घेतली, दुबईच्या ड्रॅगन मार्ट या चिनी बाजारातून एक भलंमोठं झुंबर आणून टांगलं. मॅडम अरबीत खूप बोलल्या, मामाला त्या दिवशी ऐकू येत नव्हतं. पाहुण्यांना दुसऱ्या नंबरची खोली मिळते, तरी लोक बुकिंग करताना विचारतात, आजी आहेत ना?

परवा मी तिची चादर बदलत असताना तिने मला विचारलं, "तेरे गाँव में वाडी है?"

मी म्हटलं, "थी, मामा. केले की. अब उधर बिल्डिंग है, सात माला."

तिने थोडा विचार केला. "लिफ्ट है?"

"है."

"फिर अच्छा है," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.