मटण न खाणारा भाडेकरू

आमच्या फौंड्रीत इटलीहून नवं मशीन आलं आणि ते चालवून दाखवायला वर्षभरासाठी एक इंजिनिअर आला. मशीन पटकन बसलं, इंजिनिअरला मात्र बसायला जागा मिळेना. कंपनीच्या गेस्ट हाऊसवर कुटुंब ठेवायला परवानगी नव्हती, आणि त्याची बायको आणि लहान मुलगी त्याच रविवारी येणार होत्या. ऑफिसात माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं, म्हणून घर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलगी रोज फोनवर विचारते, आपलं घर कसं आहे, असं तो सकाळी येऊन मला सांगायचा. सांगताना हसायचा, पण मला काही हसू यायचं नाही.

माझ्या स्कूटरवर मागं बसला की त्याचे गुडघे दोन्ही बाजूंना असे बाहेर यायचे, की गल्लीतल्या म्हशीसुद्धा वाट द्यायच्या. त्यानं एकच मराठी वाक्य पाठ केलं होतं. दार उघडलं, की नमस्काराच्याही आधी तो म्हणायचा, "मी मटण खात नाही."

तो खरंच खात नसेल असं मला वाटत होतं. कॅन्टीनमध्ये तो आमटीभात आणि बटाट्याची भाजी सोडून कशाला हात लावत नसे. पुण्यात शिकायला असताना भाड्याच्या घरांवर 'फक्त शाकाहारी' अशा पाट्या मी पाहिल्या होत्या, त्यामुळं म्हटलं, बरं झालं, एक कटकट मिटली.

राजारामपुरीतल्या पहिल्याच मालकांचा चेहरा पडला.

"अजाबात न्हाय?"

"अजिबात नाही," मी अभिमानानं सांगितलं.

"मग अवघड हाय. आमच्यात बुधवार, ऐतवार मटणाशिवाय न्हाय. वास वर जाणार. पावण्याला तरास, आमच्या जिवाला घोर. नगं."

पुढच्या घरी तेच, फक्त कारण वेगळं. "जत्रंला अख्खी गल्ली जेवायला असत्या. ह्यो एकटा वर उपाशी बसणार. बरं दिसंल काय?" कुणी दारातून हाकलून दिलं नाही. प्रत्येकानं चहा पाजला आणि पावण्याची काळजी म्हणून घर नाकारलं. असल्या माणुसकीचं करायचं काय? चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं.

"माझं काय चुकतंय?" तो विचारायचा.

"काही नाही. तू फार सज्जन आहेस, तेच नडतंय."

शुक्रवारी आम्ही शिवाजी पेठेतल्या एका काकूंकडं गेलो. त्या खाली एकट्या राहायच्या, घरी चटणी करून विकायच्या आणि वरच्या दोन खोल्या त्यांना भाड्यानं द्यायच्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा कढईत खोबरं आणि मिरच्या भाजत होत्या. त्यानं आपलं वाक्य दोन शिंकांच्या मधे बसवलं.

"मग कसं जमायचं, बाई?" काकू मला म्हणाल्या. "माझ्या भिंतीलासुद्धा मसाल्याचा वास हाय." मग त्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांना राहवलं नाही. "पोरगी केवढी हाय तुझी?" त्यांनी हातानंच उंची विचारली.

त्यानं खूश होऊन मोबाईल काढला आणि मुलीचा व्हिडिओ लावला. उंच खुर्चीत बसलेली एक गुबगुबीत पोर दोन्ही हातांत हाड धरून जिवाच्या करारानं चोखत होती. रस्सा कोपरापर्यंत ओघळला होता.

काकूंनी मोबाईल त्याच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"ही नळी हाय की," त्या म्हणाल्या. "मटण खात न्हाईत व्हय ही माणसं?"

मी त्याच्याकडं वळून विचारलं. त्याचे कान लाल झाले. मग सगळं बाहेर आलं. मांसाहार करणाऱ्याला भारतात घर देत नाहीत, असं त्यानं नेटवर वाचलं होतं. नवरा-बायकोनं ठरवून टाकलं होतं, घर मिळतंय ना, मग वर्षभर नाही खाल्लं तर काय बिघडतं?

मी चिडूनच हे काकूंना सांगितलं. आता त्या हसणार, मग मीही हसून घेईन, असा माझा बेत होता. पण काकूंनी गॅस बंद केला.

"माझा ल्योक बी तिकडं आयर्लंडात असंच बोलून बसलाय. घर मिळंना म्हणून मालकाला सांगितलंय, घरात फोडणी घालणार न्हाय. मी हितनं चटणी धाडते, त्यो डबा उघडत न्हाय, वास जाईल म्हणून. पावाला जाम लावून खातंय पोरगं." शेजारणीची तक्रार करावी तशा सुरात त्यांनी हे सांगितलं. खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवली. "ह्याला म्हणावं, ह्या घरात खोटं बोलायचं न्हाय आणि उपाशी ऱ्हायाचं न्हाय."

रविवारी मी तिघांना घेऊन पोचले, तेव्हा खाली ताटं मांडून तयार होती. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, सगळा थाट. पोरीला काकूंनी आपल्याशेजारी बसवलं, पातेल्यात पळी घालून शोधून शोधून नळी काढली, पाण्यानं धुऊन तिच्या ताटलीत ठेवली. पोरगी ओळखीच्या माणसाला भेटावं तशी तिच्यावर तुटून पडली.

तेवढ्यात काकूंच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ होती आणि त्याच्या हातात पाव होता. काकूंनी फोन पोरीकडं फिरवला. ती नळी ताटलीवर आपटत होती, आतला गर निघेना म्हणून. त्यानं हातातला पाव खाली ठेवला.

"आई, नळी तिला दिलीस?"

"दिली की. तू ये, तुला बी हाय."

"येतो," तो म्हणाला, पण फोन काही ठेवेना. काकूंनीही ठेवला नाही. त्यांनी तो पाण्याच्या तांब्याला टेकवून आपल्या ताटासमोर उभा केला, आणि मग आम्ही सगळेच जेवायला बसलो.