पिछाडीचा कागद

उत्तर जर्मनीत हुझुमच्या बंदरावर धान्याची जी मोठी वखार आहे, तिच्या कचेरीत गेझीन टोरमेलेन अकरा वर्षं टंकलेखन करत होती आणि त्या अकरा वर्षांत तिने टेलिफोन एकदाही उचलला नाही. घंटा वाजली की हातातलं काम टाकून ती फायलींच्या कपाटाकडे जायची. मालक ब्रोडरसन आधी चिडले, मग थट्टेवर आले. "अगं, फोन आहे तो, चावत नाही!" म्हणायचे. पण तिच्या टंकलेखनात एक अक्षर चुकत नसे, पत्राची एक प्रत इकडची तिकडे होत नसे. शेवटी त्यांनीच फोन आपल्या टेबलावर ओढून घेतला. गावात कुणी विचारलंच तर सांगायचे, "युद्धात काम केलेली बाई आहे. प्रत्येकाची काही ना काही खोड असतेच."

युद्धात ती पूर्वेकडे रशियाच्या आघाडीवर होती, हवाई दलाच्या एका मुख्यालयात. हवाई दल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ढगांत गिरक्या मारणारे तरुण येतात. गेझीनने विमान जवळून फारसं पाहिलंच नाही. तिने पाहिले ते कागद. कुठली तुकडी कुठल्या धावपट्टीवर जाणार, इंधनाची किती पिंपं कुठल्या स्टेशनात उतरणार, कोण कोणाच्या हाताखाली, हे सगळं तिच्या यंत्रातून बाहेर पडायचं. प्रत्येक हुकमाच्या तळाशी कुणाला किती प्रती याची यादी असायची आणि ती यादी सांभाळणं हे तिचं खास काम. साहेब लोक बदलले, यादीवाली गेझीन राहिली.

तीन वर्षांत ते मुख्यालय अकरा वेळा हललं. आधी पुढे पुढे, मग मागे मागे. दर वेळी तीच तऱ्हा. पेट्यांवर आकडे रंगवायचे, पडदे काढायचे, नव्या गावातली शाळा नाहीतर एखाद्या जमीनदाराचं घर ताब्यात घ्यायचं आणि दुसऱ्या सकाळी आठला पुन्हा यंत्रं खडखडायला लागायची. शाळेतली मुलं कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. गेझीननेही विचारलं नाही. कुठल्या शहरावर किती विमानं जाणार याचे हुकूम तिने टंकले आणि रात्री सुखाने झोपली. पुढे तिची झोप उडाली ती त्या शहरांमुळे नाही, चार माणसांमुळे. मला याचा राग येतो. पण आमच्या गावात असे लोक घरटी एक होते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना चार माणसंही आठवत नव्हती.

मुख्यालय हललं की जुन्या जागी चारपाच माणसं मागे ठेवायची रीत होती. तिला पिछाडी म्हणत. नव्या जागचं टेलिफोन एक्स्चेंज पक्कं सुरू होईपर्यंत जुनं चालू ठेवायचं आणि परतीचा लेखी हुकूम आला की तारा तोडून निघायचं. हुकूम कागदावर हवा, शिक्क्यासह. फोनवर कुणी कितीही सांगितलं तरी हलायचं नाही, कारण जर्मन बोलणारी माणसं बसवून रशियन लोक लायनीत घुसतात, अशी धास्ती होती. कागदाशिवाय जागा सोडली की पळपुटेपणा, आणि पळपुट्यांना रस्त्याकडेच्या झाडांवर कसं टांगतात ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

चव्वेचाळीसच्या जुलैत पिछाडीला चौघं होते. एक सार्जंट, दोन शिपाई आणि एक्स्चेंजवर बसणारी ऑर्ट्रुड मात्सेन. ऑर्ट्रुड गेझीनच्याच गावची. समुद्राच्या बांधाजवळच्या मात्सेनांची धाकटी, तेवीस वर्षांची, हसरी आणि कामाला वाघ. दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. गेझीनचे केस ती विंचरायची आणि ओढून ओढून रडवायची.

बावीस तारखेला, शनिवारी, सकाळी परतीचा हुकूम निघाला. गेझीनने चोवीस प्रती टंकल्या, जावक वहीत नोंदल्या आणि दारालगतच्या खणांच्या कपाटात विभागवार टाकल्या. आता यात गंमत अशी, गंमत कसली, जीवघेणी गोष्ट अशी, की मुख्यालय हललं त्या रात्रीपासून पिछाडीची माणसंही कागदोपत्री नव्या जागी मोजली जात. त्यांचं रेशन नव्या जागी, त्यांचं टपाल नव्या जागी. तेव्हा त्यांची प्रतही गेझीनने शिस्तीत एक्स्चेंज विभागाच्या खणात टाकली. दहा पावलांवरच्या. पलीकडे साठ किलोमीटरवर बसलेल्या माणसांना तो कागद मोटारसायकलवाल्याबरोबर पाठवायला हवा होता, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. नियमाने ती माणसं तिथे नव्हतीच ना!

अकरा वाजता ऑर्ट्रुडचा फोन आला.

"काय गं यादीवाले, आमचा कागद कुठे अडकलाय? सार्जंटने मिशा चावून संपवल्या."

गेझीनने वही पाहिली. "गेलाय. सकाळीच गेलाय. येईल."

दीडला पुन्हा फोन. "अगं, लवकर बघ ना. तोफा ऐकू येतायत. मी म्हटलं, गेझीनचा आवाज मी झोपेतही ओळखेन, निघू या. तर सार्जंट म्हणतो, आवाजाला शिक्का असतो का?"

"वहीत नोंद आहे, ऑर्ट्रुड. वाटेत असेल. थांबा तुम्ही."

आणखी एकदा फोन आला, चारच्या सुमारास. त्यानंतर लाइन गेली.

युद्ध संपलं. गेझीन घरी आली, वखारीत लागली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. ऑर्ट्रुड आली नाही. मात्सेनकाकू स्टेशनवर जायच्या, युद्धकैद्यांच्या छावण्यांतून सुटून येणाऱ्यांना पोरीचा फोटो दाखवायच्या. गाव काय, गावच. "गेली असेल कुणा पोलंडवाल्याचा हात धरून," असं मासळीबाजारात त्यांच्या पाठीमागे कुजबुजत आणि त्या वळल्या की मूग गिळून बसत.

एक्कावन्न साली काकूंना युद्धातल्या बेपत्तांची नोंद ठेवणाऱ्या एका कचेरीचं पत्र आलं. त्या ते घेऊन गेझीनकडे आल्या. "तू तिथे होतीस. वाचून सांग, मला ही कचेरीची भाषा कळत नाही."

गेझीन वाचायला लागली. पिछाडीस परतीचा आदेश बावीस जुलै रोजी पाठवण्यात आला. आदेश मिळाल्याची पोचपावती उपलब्ध. त्यानंतर सदर कर्मचारी हजर झाली नाही. स्वेच्छेने अनुपस्थित. सोबत पोचपावतीची फोटोप्रत. त्या चिठोऱ्यावर खाली दोन अक्षरं होती, गोल ओ आणि त्याला टेकलेला एम.

काकूंनी त्या ओवर बोट ठेवलं. "बघ, बघ! असा ओ माझ्या पोरीशिवाय कोण काढतं? म्हणजे कागद मिळाला होता तिला. म्हणजे निघाली ती! हुशार आहे माझी ऑर्ट्रुड, वाटेतच सटकली असेल. कुठेतरी असेल गं ती."

गेझीनने पत्राची घडी केली आणि म्हणाली, "असेल काकू."

तिथून ते गुरुवार सुरू झाले. दर गुरुवारी काम सुटल्यावर गेझीन बांधाजवळच्या त्या घरी जायची. काकू चहात खडीसाखर टाकून द्यायच्या, साखर तडकल्याचा आवाज व्हायचा आणि मग त्या ऑर्ट्रुड आज कुठे असेल ते सांगायच्या. कधी ती रशियात शाळेत शिकवत असे, कधी तिला दोन मुलं असत. धाकट्याला कांजिण्या होऊन गेल्या होत्या. गेझीन मान हलवायची. सहा वर्षांत त्या मुलांची नावं तिला पाठ झाली. आणि कचेरीत फोन वाजला की तिचे पाय आपोआप कपाटाकडे वळायचे, कारण तिला खात्री असायची की उचलला तर पलीकडून "काय गं यादीवाले" असंच ऐकू येणार. तिला भुताखेतांवर विश्वास नव्हता. तरी तिने एकदाही उचलून पाहिला नाही.

सत्तावन्नच्या सप्टेंबरात डॉक्टरांनी काकूंना सांगितलं की या ओल्या घरात छातीला आणखी एक हिवाळा सोसणार नाही. थोरला मुलगा हारो कील शहरातून न्यायला आला. काकू जागच्या हलेनात.

"ऑर्ट्रुड आली आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

हारो वखारीत येऊन गेझीनसमोर टोपी चुरगाळत उभा राहिला. "तुझं ऐकेल ती. चर्चचे पाळकसाहेब युद्धात गेलेल्यांच्या दगडावर ऑर्ट्रुडचं नाव कोरायला तयार आहेत, तर त्यांनाही हाकलून दिलंन. म्हणते, जिवंत माणसाचं नाव कोरता? तू सांग ना तिला काहीतरी. नाहीतर पुढच्या खेपेला मला आईला पुरायलाच यावं लागेल."

त्या गुरुवारी गेझीनने चहाला हात लावला नाही.

"काकू, तो कागद ऑर्ट्रुडला मिळालाच नव्हता."

"वेडी का तू? सही आहे तिची."

"सही मी केलीय."

मग तिने खणाची गोष्ट सांगितली. काकू ऐकत राहिल्या. मध्येच त्यांनी चुलीवरची किटली उगाच थोडी सरकवली.

"म्हणजे तू चुकलीस," त्या म्हणाल्या. "नियमच तसला होता. चुकतं माणूस. आणि मग घाबरून सही ठोकलीस. पोरच होतीस गं तूही."

इथे गेझीन थांबली असती तर कदाचित त्यांनी तिला जवळही घेतलं असतं. तिलाही ते दिसत होतं, आणि त्या क्षणी तिला ते फार हवं होतं.

"नाही काकू, एवढंच नाही. लाइन गेली तेव्हा मी उठले, तर खणात तो कागद दिसला. तेव्हाच कॅप्टन डेटलेफ्स आले. म्हणाले, पिछाडीला हुकूम पोचला ना? नसेल तर अंगणात मोटारसायकल उभी आहे, आत्ता पाठवतो."

"मग?"

"मी म्हटलं, पोचला. पावती मागाहून देते. सगळ्यांसमोर चूक कबूल करायची लाज वाटली मला. आणि भीती. कागद दुमडून बाहीत घातला. नंतर चुलीत टाकला."

काकूंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी फक्त हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले.

"मोटारसायकल वेळेवर पोचली असती?"

"माहीत नाही. रस्ता संध्याकाळपर्यंत उघडा होता, असं नंतर ऐकलं."

बाहेर बांधावर मेंढ्या ओरडत होत्या. काकू उठल्या, खिडकी लावली आणि परत येऊन बसल्या.

"इतकी वर्षं मी तुला तिची मुलं सांगत होते," त्या म्हणाल्या. "आणि तू ऐकत होतीस."

गेझीनने गार झालेला चहाचा कप बाजूला सारला.

"आज का सांगितलंस? मी कीलला जावं म्हणून?"

"हो."

"खोटं बोलतेस. तुला आता हे पेलवेना म्हणून सांगितलंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच गेझीनला सोसवेना. "बरं. दगडावर कोरायला पाळकांना तारीख लागेल. तारीख सांग."

"बावीस जुलै."

"शेवटचा फोन किती वाजता?"

"चार वाजून वीस मिनिटांनी."

काकूंनी डोळे मिटले आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "शनिवार. मागच्या अंगणात लाल करवंदांसारखी ती आंबट फळं नाहीत का, त्यांची झुडपं लगडली होती. एकटीच तोडत होते मी. पाठ मोडली होती माझी. तोंडाने तिला शिव्या घालत होते, की इथे ढीगभर काम पडलंय आणि कारटी तिकडे मजा मारतेय." त्यांनी डोळे उघडले. "काय म्हणाली गं ती? शेवटी?"

तेरा वर्षांत गेझीनने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"म्हणाली, सार्जंट म्हणतोय की निघूया, मरू दे तो कागद. मी काय करू? मी म्हटलं, ऑर्ट्रुड, कागद निघालाय, मी स्वतः नोंदवलाय. थांब. तर म्हणाली, बरं, तू म्हणतेस तर थांबते. आणि तिने सार्जंटलाही थांबवलं."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या, जणू चेहरा पाठ करत होत्या.

"आवाज ओळखत होती ना तुझा," त्या म्हणाल्या, आणि हारोला हाक मारून कीलला न्यायची पेटी माळ्यावरून खाली काढायला सांगितलं.