विसावं नाव

कुंडलपासून आत, उसाच्या पट्ट्यात एक वाडी आहे. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत गुणमाला मगदूम बाई मुख्याध्यापिका आहेत. मुख्याध्यापिका म्हणजे काय, तर दोन वर्ग स्वतः शिकवायचे, खिचडीची चव बघायची, वरून मागतील ती माहिती भरून पाठवायची आणि पट सांभाळायचा. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. वाडीतली निम्मी मुलं पिवळ्या बसमधून पलूसला इंग्रजी शाळेत जातात, आणि पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद होणार अशी हवा तीन वर्षांपासून आहे. यंदा बाईंच्या पटावर बरोब्बर वीस नावं होती. विसावं नाव शिवांजलीचं.

शिवांजली नऊ वर्षांची. जन्मापासून पायांत बळ नाही. बोलणं जड, सवय असलेल्यालाच कळावं असं. डोकं मात्र तल्लख. तिसरीतच तिचे तीसपर्यंतचे पाढे पाठ झाले होते. बाप फौजेत, आई दिवसभर रानात, त्यामुळे आजी साळूबाई तिला चाकाच्या खुर्चीतून शाळेत आणून सोडायची.

शाळेला सहा पायऱ्या. ठेकेदारानं शेजारी उतार बांधून दिला होता, पण तो इतका उभा की शेळीनंही दोनदा विचार करावा. म्हणून वर्गातली चार पोरं तिला खुर्चीसकट उचलून वर नेत. बाईंनी त्यासाठी पाळ्या लावल्या होत्या आणि पाळी चुकली की पोरं रुसत. मधल्या सुट्टीतही ती त्यांच्यात असायची, भांडणातही असायची. कुणाचा पाढा चुकला की खुदकन हसायची आणि वर त्यांच्या शिव्या खायची. तिची दया करायला तिथं कुणाला सवड नव्हती.

दिवाळीनंतर एकदा एका पोराचा पाय घसरला, खुर्ची कलंडली आणि शिवांजलीची हनुवटी फुटली. तीन टाके पडले. "पोरं म्हटल्यावर पडायचंच, बाई," साळूबाई एवढंच म्हणाली. पण बाई हादरल्या. आज हनुवटी, उद्या डोकं फुटलं तर? आसपासच्या दहा शाळांचं एक केंद्र असतं आणि त्यांचे मुख्याध्यापक महिन्यातून एकदा एकत्र बसतात. तिथं बाईंनी विषय काढला.

आता पुढं जे झालं त्यात कुणी वाईट नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेचे नानासो सर म्हणाले, "माझ्याकडं चांगला उतार हाय, रुंद दाराचं शौचालय हाय. पोरगीला माझ्याकडं बसवा." पलीकडच्या शाळेचे तरुण राजवर्धन सर म्हणाले, "दर गुरुवारी माझ्या शाळेत विशेष शिक्षक येतात. तिच्या बोलण्याचा सराव घेतील. सगळीकडं ने-आण मी माझ्या गाडीतून करतो." मग दाखला कुठं न्यायचा असं कुणीतरी विचारलं आणि बाईंच्या डोळ्यांपुढं एकोणीसचा आकडा आला. नानासो सरांनी ते ओळखलं. तेही कधीकाळी वाडीवरच्या शाळेत होते.

"नाव ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले. "नावानं काय पोरगी चालतीया व्हय?"

ठराव झाला. सूचक झाले, अनुमोदक झाले, टाळ्या झाल्या. सोमवार ते बुधवार नानासो सरांकडं, गुरुवारी राजवर्धन सरांकडं, शुक्रवार-शनिवार वाडीवर. मास्तर मंडळींची ही जुनी खोड आहे. वेळापत्रक बसलं की प्रश्न सुटला असं त्यांना वाटतं. तास वाटून घ्यावेत तशी त्यांनी पोर वाटून घेतली. बाई रोज तिच्या नावापुढं हजेरी लावत. कुठंतरी हजर आहेच की.

नानासो सरांच्या शाळेत उतार खरंच चांगला होता. उचलायची गरजच नाही म्हटल्यावर जवळ यायलाही कुणाला कारण उरलं नाही. तिचं बोलणं तिथं कुणाला कळेना, आणि थोडं कळायला लागावं तोवर गुरुवार उजाडे. शुक्रवारी वाडीवर यावं तर पोरांच्या नव्या जोड्या जमलेल्या. पाळ्या तर बाईंनीच बंद केल्या होत्या. आता साळूबाई आणि बाई मिळून तिला उचलत. पोर मुकी होत चाललीय हे बाईंना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि आतून खातही होतं. पण दाखला दिला तर एकोणीस राहत होते.

जानेवारीत नानासो सरांच्या मैदानावर केंद्राची पाढे स्पर्धा झाली. शाळावार रांगा बसल्या होत्या. साळूबाईनं नातीची तेल लावून चापूनचोपून वेणी घातली होती. खुर्ची ढकलत ती आली आणि तिनं विचारलं, "बाई, हिला कंच्या वळीत बसवू?"

बाईंनी नानासो सरांकडं पाहिलं.

"तुमी नाव दिलंय न्हवं?" सर म्हणाले. "पटावर तुमच्या हाय ती."

"सराव तुमच्याकडं चालला होता, सर. मला वाटलं, तुम्हीच दिलं असणार."

राजवर्धन सर मोबाईलमधली यादी खालीवर करत राहिले. यादीत शिवांजली कुठंच नव्हती. ऐनवेळी घ्यावं तर कुठल्या शाळेकडून घ्यायचं हा प्रश्न होताच, शिवाय बाकीच्यांनी हरकत घेतली असती. तेव्हा सन्मानानं तिला पाहुण्यांच्या शेजारी बसवण्यात आलं. एक मुलगा एकोणतीसच्या पाढ्यात सातवर अडकला. शिवांजली जागेवरून "दोनशे तीन" म्हणाली. पाहुण्यांना वाटलं पोरीला तहान लागली असेल. त्यांनी तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली.

शेवटी नानासो सरांनी अगदी मनापासून तिच्यासाठी उत्तेजनार्थ प्रमाणपत्र लिहायला घेतलं. नाव लिहून झालं आणि 'शाळा' या शब्दापुढं पेन थांबलं. "हे मागनं भरू," असं पुटपुटत त्यांनी जागा मोकळी सोडली आणि कागद साळूबाईच्या हाती दिला. साळूबाईला वाचता येत नव्हतं. नातीला येत होतं.

सोमवारी राजवर्धन सरांची गाडी दारात आली तेव्हा शिवांजलीनं खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. नानासो सर नवं दप्तर घेऊन येऊन गेले. राजवर्धन सरांनी विशेष शिक्षकांनाच घरी आणलं. पोर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दोन आठवडे गेले. सगळ्यात शेवटी मगदूम बाई गेल्या, कारण सगळ्यात जास्त लाज त्यांना वाटत होती.

दिवस मावळतीला आला होता. बाई जैन, मावळल्यावर अन्न घेत नाहीत, हे ठाऊक असल्यानं साळूबाईनं आधी दूध-भाकरी पुढं केली. बाईंनी ताट बाजूला सारलं.

"मी पुन्हा पाळ्या लावते," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "सोमवारपासून रोज आपल्याच शाळेत. पोरं उचलतील. कुठं न्यायचं नाही, कुठं आणायचं नाही."

"म्या ईचारलं तिला," साळूबाई म्हणाली. "ती म्हनती, पोरं मला इसरली." तिनं ताट पुन्हा बाईंपुढं सरकवलं. "आवं बाई, तुमी जिवाला लावून घिऊ नगा. मला वाडीत समदं कळतंय. तिचं नाव ऱ्हाऊ द्या तुमच्या पटावर. ती न्हाई आली तरी हजर म्हनून लावत जावा, म्हंजी वीस भरत्याली. बाकीच्या पोरांची शाळा कशापायी मोडायची? आमची काय बी तक्रार न्हाई."

बाईंनी त्या दोन आठवड्यांतही रोज हजेरी लावलीच होती. म्हातारीला ते माहीत नव्हतं, आणि ती तेच आपणहून देऊ करत होती. 'मला नाव नको, पोर पाहिजे,' असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कागदावर खोटं पुष्कळ लिहिलं होतं, तोंडानं बोलायचा सराव नव्हता.

खाटेवर शिवांजलीनं कूस बदलली आणि बाईंकडं पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग जड जिभेनं, तुटक तुटक, ती काहीतरी बोलली. साळूबाई खाली वाकून "काय गं?" म्हणून विचारू लागली.

बाईंना पहिल्या खेपेलाच कळलं होतं. पोर म्हणत होती, "हजर लावा की, बाई."