माझ्या हातचा पास्ता

मी लाल बसवर कंडक्टर आहे. गडचिरोलीहून निघणाऱ्या गाडीत कोणी पिऊन चढला तर त्याला पुढच्या थांब्यावर उतरवायला मला कोणाची मदत लागत नाही. सीटवरून भांडणाऱ्या दोघांना एकाच सीटवर शेजारी शेजारी बसवून मी नागभीडपर्यंत नेलं आहे. पण घरात पाऊल टाकलं की माझी बोलती बंद. स्वयंपाकघर सासूबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. लग्न होऊन आले तेव्हाच नोकरी लागली, कधी पहाटेची गाडी, कधी सिरोंच्याला मुक्काम, त्यामुळे झारा आणि उलथनं त्यांच्याच हातात राहिलं. मी फार तर कांदा चिरून द्यायची. तोही त्या पुन्हा बारीक करायच्या.

एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. आयतं ताट कोणाला नको असतं? पण मुलगी बारावीला गेली आणि माझ्या मनाला एक गोष्ट टोचायला लागली. बारावी झाली की ती नर्सिंगला नागपूरला जाणार, हे ठरलेलं. होस्टेलवर गेल्यावर तिला घरचं काय आठवेल? आजीचं फोडणीचं वरण, आजीच्या हातचे वडे. आईचं काय आठवेल? आईची खाकी वर्दी. मला आत्याबाईंचा हेवा वाटायचा, आणि तो मी लपवतही नव्हते. पोरगी घर सोडायच्या आधी निदान एक पदार्थ तरी तिच्या जिभेवर माझ्या नावाचा असावा, एवढीच माझी इच्छा होती. आत्याबाईंच्या वरणाशी बरोबरी करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना येतच नाही असं काहीतरी मला हवं होतं.

ते पोरीनंच आणून दिलं. मैत्रिणींबरोबर ती चंद्रपूरला गेली होती, तिथल्या कुठल्याशा हॉटेलात तिनं पास्ता खाल्ला आणि घरी येऊन दुसरा विषय नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ लावून तिनं माझ्यासमोर धरला. एक गोरी म्हातारी लाकडी फळीवर पिवळा गोळा मळत होती.

"आई, हे आपल्या घरी होते का?"

"काऊन नाई होत?" आत्याबाई तोंड उघडायच्या आत मी बोलून मोकळी झाले.

रविवार धरला. त्या दिवशी नेमके नणंद आणि तिचे यजमान नागभीडहून आलेले. म्हटलं, उत्तम, खायला माणसंही आहेत आणि पाहायलाही. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे परातीत मैदा घेतला, मध्ये खड्डा केला, त्यात अंडी फोडली. आमच्या कोंबड्यांची अंडी लहानशी. गोळा कोरडा, दगडासारखा झाला, कडा फाटायला लागल्या. व्हिडिओतली म्हातारी तसाच टणक गोळा दामटत बसली होती. मला तिची कीव आली. वाटलं, हिला कणीक भिजवायला कोणी शिकवलंच नाही.

कारण आमच्या भागात चांगली कणीक म्हणजे सैल कणीक. आमच्याकडे लांब पोळी करतात. पाणी घालत घालत कणीक परातीत आपटायची, इतकी की ती हातातून ओघळली पाहिजे पण तुटता कामा नये. मग तिला दोन्ही हातांवर झुलवत रुमालाएवढी पातळ करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. ज्या बाईची कणीक लांबते तिची गावात वाहवा होते. मी जन्मात दुसरं काही शिकले नसेन, पण माहेरी हे आपटणं शिकले होते. मी त्या मैद्यात पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि बाह्या सरसावून आपटायला सुरुवात केली. अख्खं घर दणाणलं. कणीक एका हातातून दुसऱ्या हातात लोंबायला लागली. आत्याबाई पदराला हात पुसत आल्या, बोटानं कणीक ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "मस्त झाली व कणीक."

लग्नानंतर त्यांच्या तोंडून निघालेली ही माझ्या स्वयंपाकाची पहिली तारीफ. मी तिथेच हुरळून गेले.

पुढचं काय सांगू. लाटायला घेतलं तर पोळपाट सोडेना. पिठी भुरभुरवून कशीबशी लाटली, सुरीनं पट्ट्या कापल्या, व्हिडिओतल्यासारख्या खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकल्या. त्या आपल्याच वजनानं लांबत लांबत फरशीला टेकल्या. एक पट्टी कोंबडीनं पळवली. उरलेल्या गोळा करून मी उकळत्या पाण्यात सोडल्या, झाकण ठेवलं, आणि थोड्या वेळानं उघडून पाहते तर पट्ट्या गायब. पातेल्यात पांढरं काहीतरी गदगदत होतं. वरून टमाट्याचा रस्सा ओतला म्हणून ते गुलाबी झालं, एवढंच.

नणंदेनं चमचा उभा केला, तो उभाच राहिला. "वहिनी, फेकू नका हे," ती म्हणाली. "इलेक्शन येऊन राह्यलं. पोस्टर चिपकवाले काम येईन."

नवरा हसून हसून खुर्चीवरून घसरला. एरवी तो माझ्या वाटेला जात नाही, दवाखान्यातली नोकरी आणि पेपर बरा, पण त्या दिवशी त्यालाही जोर चढला होता. आत्याबाई म्हणाल्या, "तुया हाताले बसची घंटीच बरी, बाई." यातलं काहीच मला लागलं नाही. बसमध्ये मी याहून खमकं ऐकते आणि त्याच्या दुपटीनं ऐकवते. लागलं ते पोरीचं. ती हसली नाही. तिनं ते चमचाभर गिळलं, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, "चांगलं लागते, आई." आजीच्या वरणाला ती कधी "चांगलं लागते" म्हणत नाही. मुकाट्यानं दोनदा वाढून घेते. मी पातेलं उचलून मागच्या दारी गेले आणि शेजाऱ्यांच्या गाईपुढे ठेवलं. गाईनं हुंगलं, फुर्रकन शिंकली आणि तोंड फिरवलं. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर घरात पास्त्याचं नाव कोणी काढलं नाही. परीक्षा झाली, ऊन तापलं, पोरीच्या जायच्या गोष्टी सुरू झाल्या. मी ड्यूटीवर जायची आणि परत यायची. मे महिन्यात बसच्या पायरीवरून उतरताना माझा पाय मुरगळला आणि आठवडाभराची रजा पदरात पडली. त्या रजेतच सरगुंडे आले.

सरगुंडे आमच्याकडे दर उन्हाळ्यात होतात. बुद्धविहारातल्या चार बाया सकाळीच आमच्या अंगणात कडुनिंबाखाली जमतात, रवा आणि कणीक एकत्र मळतात, पातळ पट्टी बांबूच्या घासलेल्या काडीवर गुंडाळतात आणि काडी हळूच ओढून घेतात. आतून पोकळ, पिळाचा सरगुंडा बाजेवर पडतो. मग ते उकडायचे आणि आमरसात बुडवून खायचे. मी लहानपणापासून खात आले, पण करायला कधी बसले नव्हते. माहेरी ते काम काकूचं, सासरी आत्याबाईंचं, आणि मी आपली गाडीवर. त्या दिवशी पाय उशीवर ठेवून मी बाजूला बसले होते. आत्याबाई कणकेवर वरवंटा हाणत होत्या. मी सहज त्या गोळ्यात बोट खुपसलं. बोट आत जाईना.

चव पाहायला म्हणून त्यांनी दोन-तीन ओले सरगुंडे उकळत्या पाण्यात सोडले. मी टक लावून पाहत होते. ते खाली बसले, वर आले, गरगर फिरले. विरघळले नाहीत. पीळही सुटला नाही. मी ओरडले, इतकी की शेजारची बाई काडी टाकून उठली.

"का झालं व? चावलं का काही?"

"आत्याबाई, हा पास्ताच होय!"

"सरगुंडा होय हा," आत्याबाई म्हणाल्या. "ऊन लागलं वाटते तुले."

मला ऊन लागलं नव्हतं. मला लख्ख दिसत होतं. जे मडक्यावर शेकायचं ते सैल हवं, जे पाण्यात शिजायचं ते घट्ट हवं. व्हिडिओतल्या म्हातारीची मी उगाच कीव केली होती. मी आत्याबाईंनाच धरलं. "मग त्या दिवशी माझी सैल कणीक पाहून तुम्ही मस्त झाली कसं म्हणालात?"

"मले का माहीत, तुले ते पाण्यात टाकाचं होतं? मले वाटलं, तू लांब पोळी करून राह्यली." आणि त्यांनी वरवंटा पुन्हा हाणला.

मी त्यांच्याकडे मूठभर गोळा मागितला. त्यांनी परात स्वतःकडे ओढली. सरगुंड्याला तिखट-मीठ लावणार, लसूण लावणार, हे ऐकून चौघींनी कानावर हात ठेवले. ठीक आहे, म्हटलं. पोरीला हाक मारली, रवा आणि मैदा मागवला आणि बसल्या जागी माझी वेगळी परात मांडली. या वेळी पाण्याचा थेंब नाही, लागली तशी अंडीच वाढवली. गोळा फाटत होता, फाटू दिला. तळहाताच्या टाचेनं रेटत राहिले. अहेरीच्या रस्त्यावर एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं तिकिटं देणारे हात आहेत माझे. वरवंटा नको की मुसळ नको. बाया काड्या थांबवून बघायला लागल्या. गोळा हळूहळू गुळगुळीत झाला, बोट दाबलं की बोटाला परत ढकलायला लागला. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला आणि नणंदेला फोन लावला. "संध्याकाळच्या गाडीनं ये. पोस्टर चिपकवाचे आहेत."

ती आली. येणार नाही कशी? तमाशा फुकट होता.

काडीवर गुंडाळणं मला आत्याबाईंइतकं सुबक जमलं नाही. माझे काही लांब, काही बुटके, एखादा तर सरळ शेंगेसारखा. पण पिठी लावलेल्या ताटात ते सुटे राहिले, एकमेकांना चिकटले नाहीत. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू दिलं, मीठ टाकलं, मग सोडले. या वेळी झाकण ठेवलं नाही आणि कोणी माझ्याशी बोललेलं चाललं नसतं. एक काढला, दातानं तोडला. बाहेरून मऊ, आतून जरासा दाताखाली येणारा. दुसऱ्या गॅसवर तेलात ठेचलेला लसूण, पिकलेले टमाटे, लाल मिरची शिजून घट्ट झाली होती. त्यात ते परतले, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातला. चीज आमच्या घरात कुठून असणार? जवसाची चटणी भुरभुरवली. लाल, हिरवं, वर काळपट भुरका. वास अंगणापर्यंत गेला आणि नवरा पेपर टाकून न बोलावता पाटावर येऊन बसला.

पहिला घास सगळ्यांनी जपून घेतला. दुसरा घाईनं. नणंदेचा चमचा या वेळी उभा राहिला नाही, कारण त्याला उसंतच नव्हती. आत्याबाईंनी एक सरगुंडा बोटांत धरून उलटसुलट पाहिला, तोंडात टाकला, बराच वेळ चावला. मी कढई हातात घेऊन उभी. "मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत याहून मोठी दाद नाही. नंतर त्यांचं ताट पाहिलं तर धुतल्यासारखं साफ. नणंद निर्लज्जपणे डबा मागायला लागली, पण डब्यात भरायला होतं काय? पोरगी कढई मांडीवर घेऊन बोटानं तळ पुसत होती. "चांगलं लागते" म्हणायचंही तिला सुचलं नाही. मी इतकी खूश झाले की मुरगळल्या पायानं नाचायचीच बाकी होते.

जूनमध्ये ती नागपूरला गेली. बॅगेत आजीचे लाडू, आजीचं लोणचं, आजीचा चिवडा. माझा पदार्थ ताजाच खायचा, तो बांधून कसा देणार? बॅगेची चेन लावताना पुन्हा एकदा जीव खट्टू झाला. तिला माझ्याच बसमध्ये बसवून नेलं आणि नागभीडला नागपूरच्या गाडीत चढवून दिलं.

पुढे एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी नुकतीच ड्यूटीवरून येऊन टेकले होते, आत्याबाई समोर लसूण सोलत होत्या. पोरीचा आवाज रडवेला. मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणाली. "आजीनं दिलेलं सरलं का?" मी विचारलं.

"ते आहे अजून," ती म्हणाली. "पण आई, मले तुया हातचा पास्ता खावासा वाटून राह्यला. स्वप्नात आला माह्या."

मी फोन स्पीकरवर टाकला, आवाज पूर्ण वाढवला आणि तो आत्याबाईंच्या पुढ्यात, लसणाच्या सालींवर ठेवला.

"का म्हणतलं? नीट ऐकू नाई आलं. पुन्हा बोल."

"तुया हातचा पास्ता, आई!"

"आवाज कटून राह्यला. कोणाच्या हातचा?"

"तुया व, आई! तुया!" ती रडता रडता हसायला लागली.

मी अजून एकदा विचारणार होते, पण आत्याबाईंनी हात लांब करून स्पीकर बंद केला. "ऐकलं मी पह्यल्या वेळीच," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फळीवरचा रव्याचा डबा काढला, चाळणी काढली. "रविवारी सुट्टी टाक अन् जा नागपूरले. तिथीच मळून दे पोरीले. रवा मी चाळून देतो."