दादाची करंगळी

माझा दादा पियानो वाजवतो. ‘वाजवायचा’ म्हणायला अजून माझी जीभ रेटत नाही. तीस वर्षं त्याने मोठमोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम केले, सरावापायी लग्नसुद्धा राहिलं. हल्ली मात्र पियानोवर हात ठेवला की त्याची उजवी करंगळी आपोआप ताठ उभी राहते. तीच करंगळी माझ्याकडे मुकाट्याने मटार सोलते, शर्टाची बटणं लावते. डॉक्टर म्हणतात, बोट ठणठणीत आहे, अतिसरावाने मेंदूच चक्रावलाय, वाट बघा. वाट बघायला तो काय बसस्टॉपवर उभा आहे?

परवा आमच्या जुन्या शाळेने त्याला वाजवायला बोलावलं. सुरुवातीलाच करंगळी वर गेली. शाळेत करंगळी वर करण्याचा अर्थ एकच, त्यामुळे पुढे बसलेली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी डोळे वटारले, पण काय उपयोग. दादाने ती डाव्या हाताने दाबून खाली बसवली. ती पुन्हा वर.

शेवटी तो उठला आणि मुख्याध्यापक बाईंना म्हणाला, “बाई, जाऊन येऊ का?”

सगळा हॉल हसला. पोरं बराच वेळ टाळ्या वाजवत त्याची वाट बघत राहिली. पियानोचं झाकण मग मीच लावलं.